अर्ध्या तासाचं बोलणं

कामावर त्यांना सगळे खातरजमाराव म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि ते तिथेच बरं होतं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत ते सगळ्यांत जुने मिस्त्री. हे टोपणनाव कुणी ठेवलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण खातरजमारावांचा दोघातिघांवर संशय होता.

संशय हा त्यांचा धंदाही होता आणि विरंगुळाही. घराला कुलूप लावलं की ते ओढून बघत, जिना उतरत, रस्त्यापर्यंत जात आणि परत वर येऊन पुन्हा ओढून बघत. बायको तोवर खाली उभी राहून शेजारणीशी गप्पा उरकून घेई. नवऱ्याच्या फेऱ्या तिनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी गृहीत धरल्या होत्या. दुकानदार 'अगदी ताजं आहे' म्हणाला की ते मागच्या रांगेतलं पाकीट काढत. डॉक्टर 'काळजीचं काही कारण नाही' म्हणाले की यांना काळजी लागे. कुणी तोंडावर स्तुती केली, तर 'याला आता काय हवंय?' असा चेहरा करून ते खिशावर हात ठेवत.

पण हे सगळं हसण्यावारी नेऊ नका. अशा माणसाच्या हातून गेलेल्या लिफ्टमधून तुम्ही-आम्ही बिनघोर वर-खाली करतो. उमेदीच्या काळात त्यांनी एका लिफ्टचा ब्रेक दुरुस्त केला, 'झालं' म्हणून सही केली आणि घरी गेले. सकाळी बघतात तो तळमजल्यावर सोडलेली रिकामी लिफ्ट सगळ्यात वरच्या मजल्यावर जाऊन अडकलेली. वॉचमन म्हणाला भुताटकी. पण लिफ्टच्या मागे जे वजन लोंबतं ते रिकाम्या लिफ्टपेक्षा जड असतं, त्यामुळे ब्रेक सुटला की रिकामी लिफ्ट पडत नाही, वर जाते. ब्रेकच्या पट्टीवर तेलाचा एक पुसट थर राहून गेला होता आणि तो यांच्याच हातचा होता. आत कुणी नव्हतं हे नशीब. त्या दिवसापासून खातरजमारावांनी कुठलंही काम त्याच दिवशी 'झालं' म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी परत जायचं, रिकाम्या लिफ्टमध्ये एकट्यानं उभं राहून वर-खाली करायचं, कान देऊन ऐकायचं, आणि मगच झालं म्हणायचं. कुणी 'आपोआप बंद पडली हो' म्हणालं तर ते चिडत. "आपोआप काही होत नसतं. कुणाचा तरी हात असतो."

बाकीचे मिस्त्री हसायचे. खातरजमारावांच्या हातून गेलेल्या लिफ्टमध्ये मात्र आजवर कुणाला साधं खरचटलंही नव्हतं.

तर अशा माणसाच्या फोनमध्ये कंपनीनं ते नवं कॅलेंडर घातलं. मॅनेजर तरुण होता, भिंतीवर चित्रं दाखवून बोलायचा. आता कागद नाहीत, फळा नाही. सकाळी फोन उघडायचा, दिवसभराची कामं रांगेत दिसतील, काम संपलं की 'झालं' दाबायचं. राहिलेल्या कामाची चिंता करायची नाही, ते स्वतःच पुढची मोकळी वेळ शोधून तिथे जाऊन बसेल. मिस्त्री लोकांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव 'ढकलगाडी' ठेवलं. मॅनेजरच्या भाषणाच्या वेळी खातरजमाराव मागच्या बाकावर बसून, भाषण करायला याला कुणी सांगितलं असेल, याचा विचार करत होते. त्यामुळे नेमकी कामाची ओळ त्यांनी ऐकली नाही.

मग व्हायचं तेच झालं. सोमवारी दुरुस्त केलेली लिफ्ट मंगळवारी पुन्हा यादीत. मंगळवारी जाऊन ऐकून यावं आणि झालं दाबावं, तर त्यांच्या मनात पाल चुकचुके: आपण ज्या वेळी जायचं ठरवलं होतं ती वेळ कुणी बदलली? सकाळची दुपार कुणी केली? ज्या कामाची वेळ भलत्यानंच ठरवली आहे, त्यावर आपली खूण का करायची? ते काम करत, ऐकून येत, पण बटण दाबत नसत. झालेली आणि न झालेली अशी सगळी कामं त्यांच्या फोनमध्ये रोज पुढे सरकत राहिली, आणि सरकता सरकता संध्याकाळीही व्यापून बसली, रविवारही.

हा उद्योग कोण करतंय ते शोधायला त्यांनी सापळा लावला. 'जुन्या गोदामाच्या लिफ्टला तेलपाणी' असं एक खोटंच काम फोनमध्ये टाकलं. त्या गोदामाला लिफ्टच नव्हती. मग फोन हत्यारांच्या पेटीत ठेवला, पेटीला कुलूप घातलं आणि झाकणाच्या फटीवर डोक्यातला एक केस चिकटवला, जो त्यांना आता सहज परवडण्यासारखा नव्हता. सकाळी केस जागच्या जागी, कुलूप जागच्या जागी, आणि तेलपाणी दुसऱ्या दिवसावर गेलेलं. दुसऱ्या कुणाला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला असता. खातरजमारावांनी निष्कर्ष काढला की चोर मुरलेला आहे.

ऑफिसात फोन घेऊन सगळ्यांना कामं वाटणारी एक बाई होती, तिला कंट्रोलबाई म्हणत. खातरजमाराव तिच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

"बाई, एक विचारू? माझ्या कामांना हात कोण लावतं?"

"कुणी नाही लावत हो. जे काम तुम्ही झालं म्हणून दाबत नाही, ते पुढे जातं. आपोआप."

"आपोआप?"

"आपोआप."

"मग तुम्ही इथं कशाला बसता?"

कंट्रोलबाईनं फोन उचलून कानाला लावला. तो वाजलेला नव्हता हे खातरजमारावांनी बरोब्बर टिपलं, आणि कुठंतरी पाणी मुरतंय याची त्यांची खात्री पटली.

आता घरचं. घरात दोघंच. लेक शिकायला परगावी, तिची खोली रिकामी. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला. काचा घासून चौकटीत बसवण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. जाण्यापूर्वी लेकीनं आईबाबांची कॅलेंडरं एकमेकांना जोडून दिली होती, म्हणजे कुणी कधी घरी आहे ते कळेल. 'कंपनीची कामं आधी, घरची उरलेल्या वेळात,' असंही तिनं लावून दिलं, कारण बाबांना नोकरीची काळजी असते हे ती जाणून होती. बाबांच्या फोनवर आईनं टाकलेल्या गोष्टी हिरव्या दिसत.

एका संध्याकाळी जेवताना बायको म्हणाली, "अहो, थोडं बोलायचं होतं तुमच्याशी."

"बोल की."

"असं घास तोंडात घेऊन सांगण्यासारखं नाही. अर्धा तास स्वस्थ बसा माझ्यापुढं."

तेवढ्यात फोननं टुण्ण केलं. एका दवाखान्याची लिफ्ट, कालचीच, परत यादीत. खातरजमाराव हात धुवायला उठले. "त्यात टाकून ठेव ना. माझ्या डोक्यात आता काही राहत नाही. त्यात असलं की होतं."

बायकोनं त्यांच्याकडे बघितलं. मग ताटं उचलली, ओटा पुसला, आणि आपल्या फोनमध्ये टाकलं: 'यांच्याशी बोलायचंय. अर्धा तास.'

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या जागेवर हिरव्या रंगात ते वाक्य दिसलं. बायको सव्वीस वर्षं बोलतेच आहे, तिला बोलायला तारीख-वार कधीपासून लागायला लागली? दिवसभर त्यांचं लक्ष नव्हतं. एका इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबवून त्यांनी स्वतःलाच विचारलं, आपण काय केलंय? काही सापडेना. संध्याकाळी घरी आले, शर्ट बदलून खुर्चीत ताठ बसले. बायको आली, गेली, दिवा लावला, कपड्यांच्या घड्या घातल्या. एक शब्द बोलली नाही. तिचा चेहरा ओढलेला होता. त्यांनी हळूच फोन बघितला. हिरवं वाक्य उद्यावर गेलेलं होतं.

म्हणजे हिनं पुढे ढकललं. का? हिंमत होईना म्हणून?

विचारायचं सोडून खातरजमाराव तपासाला लागले. संशयी माणसाची हीच तर गंमत: तो विचारत नाही, कारण विचारलं की समोरचा सावध होतो. दुसरं कारणही होतं, आणि ते मोठं होतं. त्यांना उत्तराची भीती वाटत होती.

तपासात एकेक सापडायला लागलं. बायको फोन घेऊन बाल्कनीत जाते आणि दार ओढून घेते. काचेतून तिचा हात हलताना दिसतो, भांडल्यासारखा. हे आत आले की 'बरं, नंतर बोलते' म्हणून ठेवते. एकदा तिचा फोन टेबलावर वाजला तेव्हा त्यांनी मान लांब केली: तिचा भाऊ. भाऊ-बहिणीनं बोलायला बाल्कनी कशाला लागते? एकदा ते लवकर घरी आले, तर बायको लेकीच्या खोलीत हातात मापाची टेप घेऊन उभी. "काय मोजतेस?" "काही नाही, पडदा." खिडकी दाराशेजारी होती आणि टेप पलंगाच्या भिंतीला लागलेली होती. मग कपाटाच्या मागे त्यांना प्लॅस्टिकचं एक ठेंगणं स्टूल सापडलं, कोरं, चिकटलेल्या किमतीसकट, पायांना रबर लावलेलं. आणि गुंडाळलेली एक रबरी चटई. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं, बसून पाहिलं, वजन टाकून पाहिलं. माल चांगला होता. पण कुणासाठी?

"लेक येतेय का?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कुठं? परीक्षा आहे तिची." बायको म्हणाली आणि उगाच थांबून राहिली, जणू पुढचा प्रश्न यांनी विचारावा. फोननं टुण्ण केलं. खातरजमाराव चपला शोधू लागले.

हिरवं वाक्य रोज पुढे सरकत होतं. आज नाही, उद्या. उद्या नाही, परवा. खातरजमारावांना ते वाक्य पाठ झालं, त्यातल्या प्रत्येक अक्षराचा त्यांना राग यायला लागला. ती घर सोडून भावाकडे चालली असेल, असं त्यांच्या मनानं घेतलं. लेकीची खोली कुणा भाडेकरूला द्यायची असेल, म्हणजे एकट्या नवऱ्याला सोबत होईल. भाडेकरू बुटका असेल, म्हणून स्टूल. मनात एकदा किडा शिरला की तो अशीच घरं बांधतो, आणि प्रत्येक घराला दारं-खिडक्या सगळं व्यवस्थित असतं. दुपारी मशीनरूममध्ये डबा खाताना त्यांना एकदम रडू आलं. तिच्याशिवाय आपल्याला कुलूपसुद्धा लावता येणार नाही, हे त्यांना कळून चुकलं. खाली कुणी उभंच नसेल तर परत वर येऊन ओढून कशाला बघायचं?

सल्ला विचारावा असा एकच माणूस होता, सासरेबुवा. नकाशे काढण्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, मेहुण्याच्या घरी राहणारे. रविवारी दुपारी खातरजमाराव त्यांच्याकडे बुद्धिबळ खेळायला जात. एकेका खेळीची खातरजमा करण्यात यांचा इतका वेळ जाई की म्हातारा म्हणे, "तुमचं चालू द्या, जावईबापू, मी एक डुलकी काढतो." आणि खरंच काढे. या एका माणसानं खातरजमारावांना कधी हसलेलं नव्हतं. "रेघ एकदा ओढली की नदी तिथंच वाहणार," ते म्हणत, "बघूनच ओढावी." पण गेले कितीतरी रविवार खातरजमाराव तिकडे फिरकले नव्हते. रविवारी फोनमध्ये कामं भरलेली असत, अर्धी झालेली, अर्धी व्हायची, आणि सगळीच जाऊन बघण्यासारखी.

मग एके दिवशी कपाटामागचं स्टूल गेलं. चटईही गेली. बाल्कनीतले फोन बंद झाले. बायको दुकानातून येई, करायचं ते करी आणि भिंतीकडे तोंड करून निजे. तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला होता आणि तिथं काहीच उरलं नव्हतं. हिरवं वाक्य मात्र होतंच, दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळवर.

हे स्टूल नाहीसं होणं खातरजमारावांना सहन झालं नाही. इतके दिवस निदान पुरावा घरात होता. रविवारी सकाळी चहाचा कप तसाच ठेवून ते बायकोच्या पुढ्यात उभे राहिले.

"आता एकदाच काय ते सांगून टाक. रोज उद्यावर ढकलतेस, रोज. मी काय दगड आहे? मला दिसत नाही?"

"मी ढकलते?"

"मग कोण? तुझ्या नावानं आहे ते. हिरवं."

बायको हसली. असं हसणं खातरजमारावांनी तिच्या तोंडी कधी पाहिलं नव्हतं. "शाबास! स्वतः रोज पुढे ढकलायचं आणि वर मलाच विचारायचं. अर्धा तास मागितला होता हो तुमच्याकडे, घरदार नाही मागितलं."

"मी हातसुद्धा लावलेला नाही!"

"मला रोज येत होतं की तुमच्या नावानं."

तिनं फोन आणून त्यांच्या फोनशेजारी टेबलावर आपटला. खातरजमारावांनी चष्मा लावला. यांच्या फोनवर होतं: बायकोचं नाव, आणि खाली 'पुढे घेतलं'. तिच्या फोनवर होतं: 'समोरची व्यक्ती मोकळी नसल्यामुळे पुढे घेतलं', आणि समोरची व्यक्ती म्हणून यांचं नाव. रोज संध्याकाळी. एकही दिवस चुकला नव्हता.

"मोकळी नाही? मी तर घरीच होतो की. शर्ट बदलून बसलो होतो."

"मला काय माहीत? मला वाटलं, यांना कळलंय मी काय बोलणार ते, आणि यांना ते ऐकायचं नाही. तोंडावर नाही म्हणवत नाही म्हणून ढकलताहेत. एकदा मागितलं, दोनदा मागितलं. तिसऱ्यांदा मी मागत नसते."

खातरजमारावांनी आपल्या फोनवर त्या संध्याकाळी उघडून पाहिल्या. प्रत्येक संध्याकाळ खालपासून वरपर्यंत भरलेली होती. दवाखान्याची लिफ्ट, जी दुरुस्त होऊन कितीतरी दिवस नीट चालत होती. शाळेची, तीही. वाचनालयाची. आणि त्या गोदामाची, ज्याला लिफ्टच नव्हती. स्वतः करून, ऐकून, खात्री करून आलेली कामं, ज्यांच्यावर त्यांनी बोट ठेवलं नव्हतं म्हणून ती त्यांच्या घरात येऊन बसली होती आणि बायकोला बसायला जागा देत नव्हती. कंट्रोलबाई खोटं बोलली नव्हती. कुणाचाही हात नव्हता त्यात. एका माणसाचं बोट सोडलं तर.

"काय बोलायचं होतं?" त्यांनी विचारलं.

"आता काय उपयोग?"

"सांग तरी."

बायको खुर्चीवर बसली. "दादाची बदली झाली. घर सोडून सगळे चालले. बाबांना इतक्या लांब नेणं जमणार नाही म्हणाला. एका वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली होती त्यानं. मला म्हणाला, तू नेणार असशील तर सांग, नाहीतर ती खोली पक्की करतो. मी त्याला म्हटलं, थांब, यांना मीच विचारते. तू नको विचारूस. माझ्या बापासाठी माझ्या नवऱ्यापुढं तू हात पसरलेला मला चालणार नाही. आणि बाबाही म्हणाले, जावईबापूंना जड होणार नसेल तरच."

"खोली मोजत होतीस..."

"त्यांचा पलंग बसतो का बघत होते. बसत होता. आंघोळीला स्टूल आणलं, पाय घसरू नये म्हणून चटई आणली. दादा रोज फोन करायचा, विचारलंस का, विचारलंस का. मी सांगायची, उद्या. शेवटी तो म्हणाला, अगं, नाही म्हणायची ही पण एक रीत असते. मलाही तसंच वाटलं. मग स्टूल दुकानात परत दिलं. मागच्या रविवारी बाबांना तिथं सोडून आले."

मागच्या रविवारी खातरजमाराव वाचनालयाच्या लिफ्टमध्ये एकटे उभे राहून कान देऊन ऐकत होते. काही आवाज आला नव्हता. ती आधीच्या रविवारीही नीटच होती.

"अगं, मी हो म्हणालो असतो," ते म्हणाले. "मला विचारायचंसुद्धा काय कारण होतं? त्यांच्याइतका मला कोण..." बायको त्यांच्याकडे बघत राहिली, आणि त्या बघण्यात जे होतं ते खातरजमारावांना चांगलं ओळखीचं होतं. आयुष्यभर त्यांनी जगाकडे तसंच पाहिलं होतं. आता बोलणं सोपं आहे, असं ती डोळ्यांनी म्हणत होती.

"चल," ते म्हणाले. "उठ. घेऊन येऊ त्यांना."

वृद्धाश्रम गावाबाहेर, नव्या रस्त्याला लागून होता. स्वच्छ, शांत, फिनेलच्या वासाचा. सासरेबुवांची खोली तळमजल्यावर होती. एक पलंग, एक लोखंडी कपाट, खिडकीबाहेर गाड्या उभ्या करायची जागा. टेबलावर त्यांचा कंगवा, घड्याळ, औषधं ओळीनं लावलेली. म्हातारा इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसला होता, कुठंतरी निघाल्यासारखा. जावयाला बघून गडबडीनं उठायला लागला.

"अरे वा, जावईबापू! तुम्ही कशाला त्रास घेतलात? रविवारी तुम्हाला कामं असतात."

"बाबा, घरी चला. आत्ता. मी न्यायला आलोय."

म्हाताऱ्यानं जावयाकडे बघितलं नाही. लेकीकडे बघितलं. तिचे डोळे सुजलेले होते. "काय गं," ते हळूच म्हणाले, "भांडलीस वाटतं?"

"नाही, बाबा."

"तिनं काही म्हटलेलं नाही," खातरजमाराव म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगायला घेतलं. फोन काढला. कामं कशी पुढे जातात, आपण बटण का दाबत नाही, संध्याकाळी कशा भरत गेल्या, हिचं वाक्य कसं सरकत राहिलं, हिला आपलं नाव कसं दिसलं आणि आपल्याला हिचं. सगळं खरं होतं, आणि सांगताना त्यांच्या स्वतःच्याच कानाला ते बनवल्यासारखं वाटायला लागलं. गोदामाच्या लिफ्टपाशी ते अडखळले. लिफ्ट नसलेल्या गोदामाच्या लिफ्टला तेलपाणी करायचं काम आपण का लिहिलं होतं, ते त्यांना नीट सांगता येईना.

म्हाताऱ्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मध्ये मान डोलावली, चष्मा पुसून फोनच्या पडद्यावरही पाहिलं. नकाशे तपासलेला माणूस, सगळं शांतपणे पाहिलं. मग जावयाच्या हातावर हात ठेवला.

"तुम्ही मनानं भले आहात, मला ठाऊक आहे. ती रडली असेल, तुम्हाला बघवलं नसेल. कुणालाही नाही बघवणार."

"तसं नाही, बाबा. मला खरंच हवे आहात तुम्ही. आधीपासून. खरंच."

"बरं," म्हातारा म्हणाला. लहान पोरानं काही सांगितलं की आपण म्हणतो तसं.

ब्रेकची पट्टी काढून दाखवता येते, दोर मोजून दाखवता येतो. मनात आधीपासून काय होतं ते काढून कसं दाखवायचं, आणि कुणाला? ज्यानं आजवर कुणाच्या शब्दावर पाऊल टाकलं नाही, त्याच्याकडे आज नुसता शब्द होता.

"निदान थोडे दिवस तरी या, बाबा," बायको म्हणाली. "खोली मोकळीच आहे."

"अगं, आत्ताच तर इथं सामान लावलंय. मला एकदा उचलून इथं ठेवलं, आता परत उचलून तिथं. मी काय कपाट आहे?" ते हसले, आणि दोघांना अवघडायला नको म्हणून चहा सांगायला दारापर्यंत गेले. चहा आला. शेजारच्या खोलीतल्या माणसाबद्दल, जेवणाच्या वेळांबद्दल, खिडकीतून दिसणाऱ्या गाड्यांबद्दल ते बोलत राहिले. सगळं चांगलंच सांगत होते.

निघताना खातरजमाराव पायरीवरून परत फिरले.

"उद्या येतो, बाबा. संध्याकाळी. आणि परवाही येईन. तुम्ही हो म्हणेपर्यंत येईन."

"या ना, जरूर या," म्हातारा म्हणाला. दाराला धरून, लेकीची पाठ दिसेनाशी होईपर्यंत तो तिकडे बघत होता. मग जावयाकडे वळून अगदी मायेनं म्हणाला, "वेळ मिळाला तर."

टोमणा असता, तर खातरजमारावांना काहीतरी उत्तर देता आलं असतं.